थांबलेलं काम कुणाला दिसतं?

सकाळचे साडेदहा. हिंजवडीतल्या एका इमारतीचा चौथा मजला. एक टीम पडद्यावरच्या बोर्डसमोर अर्धगोल करून उभी आहे. नऊ माणसं आणि दहावा टीम लीड. पाळी आली की प्रत्येक जण तीन वाक्यं बोलतो. काल हे केलं, आज ते करणार आहे, अडचण काही नाही. बारा मिनिटांत उरकतं. लीड मान हलवतो आणि मंडळी चहाला पांगतात.

मागे खांबाशी एक बाई उभी होती. अख्ख्या स्टँडअपमध्ये, म्हणजे या रोजच्या उभ्या बैठकीत, ती एक शब्द बोलली नाही. तिच्या वहीत मात्र चार नोंदी झाल्या आहेत. नऊही जण लीडकडे बघून बोलले. बोर्डकडे कुणाची नजर गेली नाही. कुणी कुणाला प्रश्न विचारला नाही. 'अडचण काही नाही' हे वाक्य नऊ वेळा आलं, आणि बोर्डवरची चार कार्डं, म्हणजे चार कामं, मागच्या गुरुवारपासून जागची हललेली नाहीत.

ही टीम मी समजावण्यापुरती उभी केली आहे, पण सॉफ्टवेअर कंपनीत काम केलेल्या कुणालाही ती ओळखीची वाटेल. खांबाशी उभी असलेली बाई म्हणजे अ‍ॅजाइल कोच. मोठ्या कंपन्यांत हे पद रुळून आता बरीच वर्षं झाली. तरीही ज्या टीममध्ये कोच येतो, तिथल्या बहुतेकांना तो नेमकं काय करतो हे सांगता येत नाही. तो कोड लिहीत नाही, टेस्टिंग करत नाही, क्लायंटला उत्तरं देत नाही, कुणाचा साहेबही नसतो. मला हे काम मोलाचं वाटतं आणि त्याच्याभोवतीचा गोंधळ दूर व्हावा अशी मनापासून इच्छा आहे. म्हणून या एका टीमबरोबर कोचचे पहिले काही महिने कसे जातात, ते जरा सावकाशीने पाहू.

आधी हे पद आलं कुठून ते. 'कोच' हे हंगेरीतल्या एका गावाचं नाव. तिथल्या घोडागाड्या युरोपभर गाजल्या आणि गाडीलाच गावाचं नाव पडलं. एकोणिसाव्या शतकात ऑक्सफर्डचे विद्यार्थी परीक्षेतून पार नेणाऱ्या खासगी शिक्षकाला 'कोच' म्हणू लागले. तिथून शब्द खेळाच्या मैदानावर गेला आणि १९९० च्या दशकात सॉफ्टवेअरमध्ये आला. क्रायस्लर ही अमेरिकन मोटार कंपनी तेव्हा पगाराची नवी संगणकप्रणाली बनवत होती. 'सी-थ्री' नावाचा हा प्रकल्प १९९६ पर्यंत इतका रखडला होता की त्यातून एकाही कर्मचाऱ्याचा पगार निघालेला नव्हता. सल्ल्यासाठी केंट बेक यांना बोलावण्यात आलं. त्यांनी काम नव्याने सुरू करायला लावलं आणि टीमबरोबर बसायला रॉन जेफ्रीज यांना आणलं. जेफ्रीज तिथे कोच म्हणून होते. मे १९९७ मध्ये सुमारे १०,००० कर्मचाऱ्यांचा पगार नव्या प्रणालीतून निघाला. पुढे २००० साली कंपनीने हा प्रकल्प थांबवला, तेव्हा ही काही निर्भेळ यशाची गोष्ट नव्हे. पण दोघांनी शेजारी बसून कोड लिहायचा, टेस्ट आधी लिहायची, थोडं थोडं करून वापरणाऱ्याला दाखवायचं, अशा तिथे घडलेल्या सवयी बेक यांच्या १९९९ च्या पुस्तकातून जगभर पोचल्या. या पद्धतीचं नाव एक्स्ट्रीम प्रोग्रॅमिंग. तिच्यात कोच ही टीममधली एक ठरलेली भूमिकाच होती.

फेब्रुवारी २००१ मध्ये अमेरिकेतल्या यूटा राज्यात स्नोबर्ड या डोंगरातल्या ठिकाणी सतरा जण जमले. बेक आणि जेफ्रीज त्यांत होते, 'स्क्रम' पद्धतीचे केन श्वेबर आणि जेफ सदरलंडही होते. तिथे अशा सगळ्या पद्धतींना 'अ‍ॅजाइल' या एका नावाखाली आणणारा जाहीरनामा ठरला. त्याची चार मूल्यं आणि बारा तत्त्वं. बाराव्या तत्त्वाचा आशय असा की टीमने ठरावीक काळाने थांबून आपल्या कामाच्या रीतीकडे बघावं आणि तीत बदल करावा. वाचायला सोपं आहे. पण डेडलाइन डोक्यावर असताना थांबायचं कसं, स्वतःच्या रीतीकडे स्वतःच बघायचं कसं, आणि दिसलेली गोष्ट साहेबांसमोर बोलायची कशी, याचं उत्तर जाहीरनाम्यात नाही. कोचची सगळी मेहनत त्या बाराव्या तत्त्वापाशी चाललेली असते.

आता परत चौथ्या मजल्यावर येऊ.

पहिले दोन आठवडे आपली कोच जवळपास फक्त बघते. टीमला हे विचित्र वाटतं. एवढा पगार घेऊन ही नुसती उभी राहते, अशी कुजबुजही होते. पण बघणं हेच इथलं पहिलं कौशल्य. टोयोटाच्या ताइची ओनो यांच्याबद्दल सांगितलं जातं की कारखान्याच्या जमिनीवर ते खडूने वर्तुळ काढत आणि नव्या इंजिनिअरला त्यात तासन्‌तास उभं करून समोर काय चाललंय ते बघायला लावत. बघायला बसलं की पहिला तास आपल्याला माहीत असलेलंच दिसतं. नंतर हळूहळू दुसरं दिसू लागतं. कुणाच्या टेबलापाशी माणसं वारंवार येऊन थांबतात, कुणाचं नाव प्रत्येक संभाषणात येतं, संध्याकाळी सातच्या क्लायंट कॉलमध्ये कोण कायम म्यूटवर असतं, दुपारी ठरलेली गोष्ट कॉलनंतर कशी बदलते.

तिसऱ्या आठवड्यात ती टीमकडे एक छोटी गोष्ट मागते. प्रत्येक कार्डावर, ते ज्या दिवशी ज्या रकान्यात आलं, ती तारीख टाकायची. बाकी काही बदलायचं नाही. संगणकावरच्या बोर्डात हे आपोआप नोंदलं जातं, पण ते कुणी उघडून बघत नाही. म्हणून ती भिंतीवर कागदी कार्डं लावायला सांगते. काही आठवड्यांनी त्यातलं एक पूर्ण झालेलं कार्ड काढून ती टेबलावर ठेवते आणि सगळ्यांना त्याचा प्रवास वाचायला लावते. विमा दाव्याच्या स्क्रीनवर एक नवी तपासणी बसवायची होती. कोड लिहायला दोन दिवस लागले. मग रिव्ह्यूची, म्हणजे दुसऱ्या डेव्हलपरने कोड तपासण्याची, वाट बघत तीन दिवस गेले. टेस्टिंगचा सर्व्हर मिळेपर्यंत नऊ दिवस. टेस्टिंगला एक दिवस. रिलीजची तारीख येईपर्यंत आणखी पाच. एकूण वीस दिवस, आणि त्यांतले फक्त तीन दिवस त्या कार्डाला कुणाचा हात लागलेला होता. उरलेले सतरा दिवस ते पडून होतं.

इथे खोली शांत होते. कारण या वीस दिवसांत टीममधला एकही माणूस रिकामा बसलेला नव्हता. उलट सगळे रात्री उशिरापर्यंत थांबत होते.

या एका कार्डात कोचच्या कामाचं मर्म आहे असं मला वाटतं. आपल्याकडे देखरेख म्हणजे माणसांवरची देखरेख. शेतावरचा मुकादम असो की ऑफिसातला मॅनेजर, कोण हात बांधून बसलंय ते आधी बघतो. माणूस रिकामा दिसला की त्याला नवीन काम द्यायचं. ऑफिसच्या कामात हीच सवय घात करते, कारण इथलं पडून राहिलेलं काम डोळ्यांना दिसत नाही. मंडईत गाळ्यावर भाजी सडली तर वास येतो. रिव्ह्यूसाठी पडलेल्या कोडला वास येत नाही. माणसाऐवजी कामाकडे बघायला शिकवणं, त्याचं थांबणं सगळ्यांच्या नजरेत आणणं, ही कोचची पहिली मोठी कामगिरी. कार्ड, रकाने, बोर्ड हे सगळं त्यासाठी. 'कानबान' हे या पद्धतीचं जपानी नावही टोयोटातल्या अशाच कार्डांवरून आलेलं आहे.

यामागे एक साधं गणित आहे. अमेरिकेतले प्राध्यापक जॉन लिटल यांनी रांगांविषयीचा एक नियम १९६१ मध्ये सिद्ध केला. काम येण्याचा आणि संपण्याचा वेग साधारण सारखा असेल, तर एका कामाला सरासरी किती वेळ लागेल हे सांगायला दोन आकडे पुरतात. एका वेळी हातात किती कामं आहेत, आणि आठवड्याला किती संपतात. आपल्या टीमच्या बोर्डवर २१ कार्डं 'चालू' होती आणि आठवड्याला सरासरी ३ संपत होती. म्हणजे एका कार्डाला सरासरी सात आठवडे. संपण्याचा वेग तोच ठेवून हातातली कामं नऊवर आणली, तर तेच काम तीन आठवड्यांत क्लायंटपर्यंत जाईल. कुणी जादा थांबायला नको, कुणी जास्त वेगाने टाइप करायला नको. नव्या कामाला हात घालायचं तेवढं थोडं लांबवायचं.

गणित पटतं, पण ते पाळणं जड जातं. 'चालू' कामं नऊपेक्षा जास्त होऊ द्यायची नाहीत, असं ठरल्यावर तिसऱ्याच दिवशी एक डेव्हलपर कोचपाशी येतो. नावाने हाक मारा असं तिने सांगून ठेवलंय, तरी अजून सगळे मॅडमच म्हणतात.

"मॅडम, माझं कार्ड रिव्ह्यूला गेलंय. नवीन घेऊ नको म्हणता. मग मी काय नुसता बसू?"

"रिव्ह्यूच्या रांगेत आत्ता किती आहेत?"

"पाच."

"त्यातलं एखादं तुला जमेल?"

"जमेल ना. पण ते माझं काम नाही... म्हणजे, माझ्या नावावर ते धरणार नाहीत."

हे शेवटचं वाक्य तिला हवं होतं. रिव्ह्यू का अडतो, याचं कारण त्यात आहे. प्रत्येकाच्या वार्षिक मूल्यमापनात स्वतःची कार्डं मोजली जातात, दुसऱ्याला केलेली मदत मोजली जात नाही. त्या मुलाला आळशी म्हणण्यात अर्थ नाही, मदत न करणं हे त्याच्या जागी शहाणपणाचंच होतं. ती वहीत नोंद करते. हा प्रश्न टीमच्या आत सुटणारा नाही, तो मॅनेजरपर्यंत न्यावा लागेल. अशा नोंदींची वेगळी यादी तिच्याकडे पहिल्या दिवसापासून आहे.

दरम्यान स्टँडअपचं रूप बदलतं. आता माणसांच्या पाळ्या नाहीत, कार्डांच्या पाळ्या आहेत. बोर्डच्या उजव्या टोकापासून, म्हणजे संपत आलेल्या कामापासून सुरुवात करून डावीकडे यायचं. हे कार्ड इथे किती दिवस आहे? आज ते पुढे सरकायला काय लागेल? कोण हात लावतंय? काल-आज-अडचण हे तीन प्रश्न म्हणजेच स्क्रम असं पुष्कळांना वाटतं. पण स्क्रमच्या अधिकृत मार्गदर्शिकेच्या नोव्हेंबर २०२० च्या आवृत्तीत ते तीन प्रश्न राहिलेले नाहीत. बैठक रोज पंधरा मिनिटांत संपावी, उद्दिष्टाच्या दिशेने आपण कुठे आहोत ते बघावं, रीत टीमने ठरवावी, एवढंच तिच्यात आहे. कोचने स्वतः खांबाशीच राहायचं. ती पुढे आली की सगळ्यांच्या नजरा लीडकडून तिच्याकडे वळतील, आणि मग काहीच बदललं नाही असं होईल.

स्टँडअपपेक्षा अवघड जागा म्हणजे रेट्रो, दर दोन आठवड्यांनी मागे वळून बघायची बैठक. बाराव्या तत्त्वाचं हे प्रत्यक्ष रूप. या टीमच्या आधीच्या रेट्रोचं दृश्य असं होतं: लीड विचारायचा, "बोला, काय चांगलं झालं, काय वाईट झालं?" मिनिटभर शांतता. मग सगळ्यांत ज्येष्ठ डेव्हलपर म्हणायचा, "कम्युनिकेशन सुधारायला हवं." सगळे माना डोलवायचे. एक्सेलच्या तक्त्यात ते वाक्य नोंदलं जायचं. दोन आठवड्यांनी पुन्हा तेच.

कोच यासाठी आधीपासून तयारी करते. एस्थर डर्बी आणि डायना लार्सन यांनी २००६ च्या पुस्तकात रेट्रोचे पाच टप्पे सांगितले आहेत. आधी बोलण्याजोगी हवा तयार करणं, मग घडलेलं जमवणं, मग त्याचा अर्थ लावणं, मग एखादी कृती ठरवणं आणि शेवटी नीट समारोप. आपल्या टीमचा घोटाळा असा होता की ते पहिले तीन टप्पे ओलांडून थेट चौथ्यावर उडी मारत होते. म्हणून ती आधी दहा मिनिटं नुसती तथ्यं मांडायला लावते. भिंतीवर दोन आठवड्यांची रेघ, आणि कुठल्या दिवशी काय झालं त्याच्या चिठ्ठ्या. मत नको, घटना हवी. आणि आधी लिहायचं, मग बोलायचं. लिहिण्याचा नियम दिसायला किरकोळ आहे, पण आपल्या ऑफिसांत त्याचं मोल फार मोठं आहे. ज्येष्ठ माणूस आधी बोलला की धाकट्याने वेगळं बोलणं आपल्याकडे आगाऊपणा ठरतो. सगळ्यांनी एकाच वेळी, न बोलता लिहिलं की कोण आधी आणि कोण नंतर हा प्रश्नच उरत नाही.

त्या दिवशी भिंतीवर एका चिठ्ठीत लिहिलेलं होतं: 'बुधवारी मला सात कार्डं एकदम मिळाली. दोन नीट बघितली. पाच पास केली.' टीममधल्या सर्वांत नव्या टेस्टरचं अक्षर सगळ्यांनी ओळखलं.

आता पुढच्या अर्ध्या मिनिटात जे होतं, त्यावर या टीमचं पुढचं वर्ष ठरतं, असं म्हटलं तरी चालेल. लीड "पाच न बघता पास केली?" असं म्हणाला, तर ती चिठ्ठी शेवटची. पुन्हा या भिंतीवर खरं काही लागणार नाही. म्हणून कोच आदल्या दिवशी लीडशी बोलून ठेवते. "उद्या काही टोचणारं निघेल. निघालं तर एवढंच म्हणा: हे सांगितलंस ते बरं झालं, आणखी सांग. बाकी बोलायचं ते शेवटी बोला." लीडला हे सोपं जात नाही. पाच कार्डांची जबाबदारी त्याच्यावर आहे, रात्री क्लायंटला तोंड त्यालाच द्यायचं आहे. त्याने ते वाक्य म्हटलं, आवाज किंचित कोरडा झाला तरी म्हटलं, याचं श्रेय मी त्याला देईन.

हार्वर्डच्या एमी एडमंडसन यांनी १९९० च्या दशकात रुग्णालयांतल्या औषधांच्या चुकांचा अभ्यास केला होता. चांगल्या चालणाऱ्या पथकांत चुका कमी असतील असा त्यांचा अंदाज होता. आकडे उलटे आले. चांगल्या पथकांत चुका जास्त नोंदलेल्या होत्या. शोध घेतल्यावर कळलं की त्या पथकांत चुकांबद्दल उघड बोललं जात होतं, आणि इतरत्र त्या झाकल्या जात होत्या. याच दिशेने पुढे जाऊन त्यांनी १९९९ मध्ये टीममधल्या मानसिक सुरक्षिततेवरचा त्यांचा गाजलेला लेख लिहिला. म्हणून कोच आल्यानंतर बोर्डवर अडचणींची संख्या वाढली, तर ते बिघाडाचं लक्षण समजू नये. 'अडचण काही नाही' हे नऊ वेळा ऐकू येत होतं, तेव्हाच परिस्थिती जास्त वाईट होती.

त्या रेट्रोतून एकच कृती ठरली. बुधवारपर्यंत काम साठवायचं नाही. डेव्हलपरने कार्ड पूर्ण केलं की त्याच दिवशी टेस्टरशेजारी बसून ते दाखवायचं. कोण करणार, कधीपासून, आणि जमलं की नाही हे कशावरून बघायचं, हे कार्डावर लिहून ते बोर्डला लावलं. एकाच गोष्टीवर कोचचा कटाक्ष असतो. आठ सुधारणांची यादी केली की आठही राहतात.

पण नऊ दिवसांचं काय? टेस्टिंगचा सर्व्हर मिळायला लागणारे नऊ दिवस टीमच्या हातात नव्हतेच. इथे कोचला चौथा मजला सोडून बाहेर पडावं लागतं. चौकशीत कळतं की सर्व्हरच्या अर्जावर तीन मंजुऱ्या लागतात, त्यांतली एक देणारा माणूस दुसऱ्या शहरात बसतो आणि आठवड्यातून एकदाच अर्ज बघतो. त्याला कुणी कधी सांगितलेलंच नाही की त्याच्या मंजुरीसाठी दहा जण खोळंबतात. कोच स्वतः त्याला ई-मेल पाठवून मोकळी होत नाही. ती लीडला आणि त्या टेस्टरला बरोबर घेते, कार्डांचे तारखांसकट फोटो घेते, आणि चौघांचं बोलणं घडवून आणते. उद्या ती नसेल तेव्हा हा रस्ता या दोघांना माहीत असावा म्हणून. मूल्यमापनात मदत मोजली जात नाही, ही दुसरी नोंदही ती मॅनेजरपुढे ठेवते. हे काम महिनोन्‌महिने चालतं, कधी अर्धवटच सुटतं. तरी टीमच्या आत कितीही बैठका घेऊन जे साधत नाही, ते या बाहेरच्या दोन-चार संभाषणांतून साधतं, असं मी पाहत आलो आहे.

कोचने प्रश्न विचारायचे की उत्तरं द्यायची, हा वाद जुना आहे. लिसा अ‍ॅडकिन्स यांनी २०१० मध्ये या विषयावर पुस्तक लिहिलं. नंतर मायकेल स्पेड यांच्यासोबत त्यांनी या कामातली कौशल्यं वेगळी करून दाखवली. शिकवणं, अनुभवाने वाट दाखवणं, बैठक चालवणं आणि प्रश्नांतून माणसाला त्याच्या उत्तरापर्यंत नेणं ही त्यांतली चार. खरी कसोटी या चारांतलं आत्ता कुठलं, हे ओळखण्यात आहे. टेस्ट आधी कशी लिहायची हे ज्या मुलीने कधी पाहिलेलंच नाही, तिला 'तुला काय वाटतं?' असं विचारत राहणं हा छळ आहे. तिच्याशेजारी बसून दोन तास करून दाखवावं. उलट, दोन ज्येष्ठ डेव्हलपर्सचं रचनेवरून वाजलं असेल आणि दोघांनाही विषय कळत असेल, तर तिथे कोचने मत देणं घातक. ज्याच्या बाजूने मत दिलं तो तिच्या आधाराला सवकतो आणि दुसरा तिला टाळू लागतो. तिथे तिने दोघांना एका कागदावर आणावं: तुम्ही दोघं कुठे एकमत आहात? फरक कुठून सुरू होतो? कोणतं मत बरोबर हे दोन दिवसांत करून बघता येईल का?

स्क्रम मास्टर आणि कोच यांत फरक काय, असंही विचारलं जातं. स्क्रम मास्टर एका टीमचा असतो. कोच सहसा अनेक टीमकडे, स्क्रम मास्टरांकडे आणि त्यांच्या भोवतीच्या मॅनेजरांकडे बघतो. प्रत्यक्षात सीमा पुसट असतात आणि त्यावर वेळ घालवण्यात फारसं हशील नाही.

एका धोक्याबद्दल मात्र स्पष्ट बोलायला हवं. टीम आपलं काम 'स्टोरी पॉइंट' नावाच्या अंदाजी मापात मोजते आणि एका स्प्रिंटमध्ये, म्हणजे कामाच्या एका ठरावीक टप्प्यात, किती पॉइंट झाले त्याला 'व्हेलॉसिटी' म्हणते. हे माप टीमने स्वतःच्या नियोजनापुरतं वापरायचं असतं. एका टीमचा पाच आणि दुसरीचा पाच यांचा काही संबंध नसतो. पण तो आकडा वरिष्ठांच्या तक्त्यात गेला आणि 'तुमची टीम तीसवर, शेजारची पन्नासवर कशी?' असा प्रश्न आला की पुढच्याच स्प्रिंटपासून तीनचं काम पाचचं होतं. काम तेवढंच, आकडा फुगलेला. अशा वेळी कोचने वरच्या मजल्यावर जाऊन नम्रपणे पण ठामपणे हे थांबवलं पाहिजे. त्याऐवजी कार्ड बोर्डवर येण्यापासून क्लायंटच्या हाती पडेपर्यंत किती दिवस लागले हे बघा, असं सुचवलं पाहिजे. दिवस फुगवता येत नाहीत. जो कोच हे बोलायला कचरतो आणि तक्ते भरून देतो, तो टीमचा विश्वास एका महिन्यात गमावतो.

मोठ्या संस्थांनी या पदावर मोठी गुंतवणूक केली, आणि काहींनी ती मागेही घेतली. नेदरलँड्समधल्या आयएनजी बँकेने २०१५ मध्ये मुख्यालयातली जुनी खाती मोडून सुमारे ३५० छोट्या टीम बनवल्या, प्रत्येकी नऊ जणांच्या. त्या रचनेत अ‍ॅजाइल कोच ही स्वतंत्र भूमिका ठेवली. याउलट जानेवारी २०२३ मध्ये अमेरिकेतल्या कॅपिटल वन बँकेने अ‍ॅजाइलशी निगडित १,१०० हून अधिक पदं एकदम रद्द केली. ही कामं आता इंजिनिअरिंगच्या रोजच्या कामातच सामावतील, असं तिचं म्हणणं होतं. त्या बातमीने या क्षेत्रातली मंडळी हादरली, आणि ज्यांच्या नोकऱ्या गेल्या त्यांचं दुःख खरंच होतं. पण बँकेच्या त्या म्हणण्यात कोचच्या कामाबद्दलची एक जुनीच गोष्ट आहे: हे काम टीमकडे सोपवूनच द्यायचं असतं. ज्या ठिकाणी कोच बैठकांची वेळापत्रकं सांभाळत बसला, तिथे सोपवण्यासारखं काही तयारच झालं नाही.

आपली कोच चौथ्या महिन्यात स्टँडअपला आठवड्यातून दोनदाच येऊ लागते. रेट्रो आता टीममधले लोक आळीपाळीने चालवतात, आणि पहिल्यांदा त्या नव्या टेस्टरने चालवला तेव्हा कोच मुद्दाम दुसऱ्या मजल्यावर होती. सर्व्हरला अजूनही तीन दिवस लागतात, त्याच्याखाली आकडा आलेला नाही. मूल्यमापनाचा प्रश्न पुढच्या वर्षावर गेला आहे. 'चालू' रकान्यात आज आठ कार्डं आहेत.

तुमच्या ऑफिसात कोच नसेल, आणि बहुतेक ठिकाणी नसतोच, तरी तिच्या तिसऱ्या आठवड्यातलं काम उद्या सकाळी करता येईल. सॉफ्टवेअरच हवं असं नाही. बिलांची मंजुरी असो, छपाईला जाणारं मासिक असो की दवाखान्यातले तपासणीचे अहवाल, अर्धवट असलेल्या प्रत्येक कामासाठी एक कार्ड करा. ते सध्या जिथे आहे तिथे कुठल्या तारखेला आलं, ती तारीख त्यावर लिहा आणि सगळी कार्डं एका भिंतीवर लावा. मग सर्वांत जुनी तारीख असलेलं कार्ड हातात घ्या आणि ते कुणाची वाट बघतंय, ते विचारायला त्या माणसाच्या टेबलापाशी जा.